ग्लग

ग्लग : स्वीडनमधील एक पारंपरिक, गरम व मसालेदार मद्यपेय. तांबडी वाइन, साखर, मसाल्याचे पदार्थ आणि बऱ्याच जुन्या कृतींत थोडा मद्यार्क (ऊर्ध्वपातनाने मिळविलेले तीव्र मद्य) यांपासून ते तयार करतात. नाताळपूर्वीचे चार रविवार, १३ डिसेंबर रोजी येणारा लुसियाचा सण आणि प्रत्यक्ष नाताळ या काळात स्वीडनमध्ये पाहुण्यांना ग्लग देण्याची प्रथा आहे. लहान पेल्यात थोडे बेदाणे व सोललेले बदाम घालून त्यावर गरम ग्लग ओततात व त्याबरोबर सुंठ-दालचिनीची पातळ बिस्किटे आणि केशर घातलेले पाव देतात. नॉर्वे, डेन्मार्क व फिनलंड या देशांतही हे पेय थोड्याफार फरकाने प्रचलित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश कुटुंबांनी ते आपल्याबरोबर तिकडे नेले.

यूरोपातील इतर गरम वाइन-पेयांपासून ग्लगला वेगळे करणारी बाब म्हणजे तीत मिसळला जाणारा मद्यार्क. घराण्यात चालत आलेल्या अनेक कृतींत, विशेषतः स्थलांतरितांच्या कुटुंबांत जपलेल्या कृतींत, जवळजवळ शुद्ध मद्यार्क घालण्यास सांगितलेले असते. हा मद्यार्क अनेक देशांत व राज्यांत किरकोळ विक्रीत मिळत नाही. त्यामुळे आजीच्या हाताने लिहिलेली कृती नातवंडांपाशी असते. परंतु तिच्यातील एक घटक नसतो. तो मिळविण्याच्या खटपटीत अखाद्य स्पिरिट वापरले गेल्यास जीवावर बेतते. म्हणून तीव्र मद्यार्क या पेयात नेमके कोणते कार्य करतो, तो कोठे व का दुर्मिळ आहे आणि त्याऐवजी काय वापरता येते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

नाव व इतिहास : ‘ग्लग’ हा शब्द ‘तापविणे, तापवून लाल करणे’ या अर्थाच्या ‘ग्लदगा’ या स्वीडिश क्रियापदापासून आला आहे. ‘तापविलेली वाइन’ या शब्दप्रयोगाचा संक्षेप होऊन पेयाचे नाव रूढ झाले. जर्मन भाषेतील ‘ग्ल्यूव्हाइन’ या नावाचा अर्थही असाच आहे. वाइन तापवून तीत मध किंवा साखर आणि मसाले घालण्याची पद्धत मध्ययुगीन यूरोपात सर्वत्र होती. स्वीडनच्या थंड हवामानात द्राक्षांचे मोठे पीक येत नसल्यामुळे वाइन आयात करावी लागे व ती महाग पडे. याउलट धान्यापासून गाळलेला ‘ब्रेनव्हीन’ (शब्दशः ‘जाळलेली वाइन’) हा देशी मद्यार्क गावोगावी मिळत असे. बटाट्यापासून पीठ व मद्यार्क काढण्याच्या पद्धती एव्हा एकेब्लाड यांनी १७४६ मध्ये स्टॉकहोमच्या विज्ञान अकादमीला कळविल्या. त्याबद्दल १७४८ मध्ये त्यांना अकादमीचे सदस्यत्व मिळाले. त्या अकादमीच्या पहिल्या स्त्री-सदस्य होत. एकोणिसाव्या शतकात बटाटा हा मद्यार्काचा प्रमुख कच्चा माल बनला. लार्स ओल्सन स्मिथ (१८३६–१९१३) या उद्योजकाने १८७९ मध्ये अखंड ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेला मद्यार्क बाजारात आणला. उग्र वास व चव नसलेला असा मद्यार्क मसाल्यांचा स्वाद झाकत नाही व त्यामुळे ग्लगसारख्या पेयाला तो अधिक मानवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लगचा नाताळशी निकटचा संबंध जडला.

घटक व कृती : वेलदोडे, दालचिनी, लवंग, आले किंवा सुंठ आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल हे ग्लगचे ठराविक मसाले होत. काही घरांत सुके अंजीर, जर्दाळू किंवा बेदाणेही घालतात. यांपैकी वेलदोड्याचे मूळस्थान भारतातील पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे. आज ग्वातेमाला हा देशही त्याचा मोठा उत्पादक असला, तरी मलबारचा हा मसाला स्वीडनच्या नाताळातील पेयात व पावात शतकानुशतके टिकून राहिला आहे.

सर्वसाधारण घरगुती कृतीत ७५० मिलि. तांबड्या वाइनला सु. १५० मिलि. मद्यार्क घेतात. दालचिनीचे एकदोन तुकडे, ठेचलेले वेलदोडे, काही लवंगा, आल्याचा तुकडा व संत्र्याची साल मद्यार्कात भिजत ठेवतात. मसाल्यांचा अर्क उतरल्यावर तो गाळून वाइन व साखर यांत मिसळतात आणि पिण्यापूर्वी मिश्रण सावकाश गरम करतात. मिश्रण उकळू देत नाहीत. कारण एथिल अल्कोहॉलाचा उकळबिंदू सु. ७८° से. असून त्याच्या आसपास तापविल्यास अल्कोहॉल व मसाल्यांतील सुगंधी द्रव्ये झपाट्याने उडून जातात. पेयातून वाफा निघू लागताच, म्हणजे साधारणपणे ६०° ते ७०° से. तापमानास, भांडे उतरवितात.

दुसरी पद्धत अधिक नेत्रदीपक आहे. मसाले घातलेली वाइन पातेल्यात तापवितात व पातेल्यावर तारेची जाळी ठेवून तिच्यावर साखरेचा शंकू अथवा खडे ठेवतात. साखरेवर तीव्र मद्यार्क ओतून तो पेटवितात. निळसर ज्योतीत साखर वितळून तांबूस होते व थेंबाथेंबाने खालच्या वाइनमध्ये पडते. जळक्या साखरेची किंचित कडवट चव हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. जर्मनीत नाताळाच्या सुमारास करतात त्या एका पेयाची कृती अशीच असून त्यासाठी किमान ५४% अल्कोहॉल असलेली रम लागते.

तीव्र मद्यार्काची कार्ये : ग्लगमध्ये तीव्र मद्यार्क तीन कार्ये करतो : मसाल्यांतील द्रव्ये विरघळविणे, साखरेसाठी ज्योत पुरविणे आणि पेयाची एकूण तीव्रता वाढविणे.

पहिले कार्य विद्रावकाचे (इतर पदार्थ विरघळविणाऱ्या द्रवाचे) आहे. मसाल्यांचा सुवास त्यांतील बाष्पनशील तेलांमुळे (सहज उडून जाणाऱ्या सुगंधी तेलांमुळे) येतो. वेलदोड्यात सिनिओल व टर्पिनिल ॲसिटेट, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लवंगेत यूजेनॉल व संत्र्याच्या सालीत लिमोनीन ही प्रमुख द्रव्ये असतात. पाण्यात ती फारच थोड्या प्रमाणात विरघळतात. अल्कोहॉलाचे प्रमाण वाढत जाते तसतशी त्यांची विद्राव्यता वाढते. म्हणून ९५% मद्यार्कात दोन-तीन दिवसांत जो अर्क उतरतो, त्यासाठी ४०% मद्यार्कात साधारणपणे आठवडाभर थांबावे लागते. मात्र अधिक तीव्र म्हणजे अधिक चांगला असा सरळ नियम येथे लागू पडत नाही. तीव्र मद्यार्क राळेसारखी कडवट द्रव्येही काढून घेतो आणि असा अर्क वाइनमध्ये ओतला म्हणजे पूर्वी विरघळलेल्या तेलांचे सूक्ष्म थेंब बाहेर पडून मिश्रण गढूळ होते. शिवाय साखर ९५% मद्यार्कात जवळजवळ विरघळतच नाही. ती आधी पाण्यात किंवा वाइनमध्ये विरघळवून घ्यावी लागते. मसाल्यांतील काही स्वादद्रव्ये पाण्यातच अधिक उतरतात व म्हणून पाणी आणि अल्कोहॉल यांचे मिश्रण हे अर्क काढण्यास पुष्कळदा शुद्ध अल्कोहॉलापेक्षा सरस ठरते.

दुसरे कार्य ज्योतीचे आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याजोगी वाफ ज्या किमान तापमानास जमते, ते तापमान शुद्ध एथिल अल्कोहॉलाच्या बाबतीत सु. १३° से. असते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते चढत जाते व ४०% मद्यार्काच्या बाबतीत सु. २६° से. होते. थंड खोलीत ठेवलेला ४०% मद्यार्क सहज पेटत नाही. तो थोडा कोमट केल्यास पेटतो, पण ज्योत क्षीण असते व लवकर विझते. साखरेचे खडे वितळवून तांबूस करण्याइतकी ज्योत टिकण्यासाठी निम्म्याहून थोडे अधिक अल्कोहॉल पुरते. ९५% तीव्रतेची त्यासाठी आवश्यकता नाही. मद्य पेटविल्याने त्यातील सर्व अल्कोहॉल जळून जाते, हा समजही बरोबर नाही. पदार्थावर मद्य ओतून पेटविल्यानंतर मूळ अल्कोहॉलाचा सु. तीन-चतुर्थांश भाग शिल्लक राहतो, असे मोजमापांत आढळले आहे.

तिसरे कार्य पेयाची एकूण तीव्रता वाढविण्याचे आहे. थोड्या घनफळात पुष्कळ अल्कोहॉल मिळत असल्यामुळे वाइनचा रंग व चव न विरळता पेय कडक होते. जुन्या कृतींत शुद्ध मद्यार्क सांगण्याचे एक कारण हेच असावे. हा फरक प्रत्यक्षात किती पडतो, याचा हिशेब पुढे दिला आहे.

तीव्रतेचे मापन : किण्वनाने (आंबण्याच्या क्रियेने) मिळणाऱ्या पेयात अल्कोहॉलाचे प्रमाण साधारणपणे १५ टक्क्यांच्या पलीकडे फारसे जात नाही, कारण त्या तीव्रतेस यीस्टच्या पेशी निष्क्रिय होतात. त्याहून अधिक तीव्रतेसाठी ऊर्ध्वपातन (द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करण्याची क्रिया) करावे लागते. यालाही एक मर्यादा आहे. वजनाने सु. ९५·६%, म्हणजे घनफळाने सु. ९७% अल्कोहॉल असलेले पाण्याचे मिश्रण ७८·२° से. तापमानास जसेच्या तसे उकळते; त्याची वाफ व द्रव यांचे संघटन (घटकांचे प्रमाण) एकच असते. त्यामुळे नेहमीच्या दाबाखाली साध्या ऊर्ध्वपातनाने याहून शुद्ध अल्कोहॉल मिळत नाही. बाजारातील सर्वांत तीव्र पेय मद्यार्क ९५ ते ९६ टक्क्यांचा असतो, याचे कारण हेच होय.

अमेरिकेतील कृतींत तीव्रता ‘प्रूफ’ या एककात दिलेली असते व तिच्यामुळे भारतीय वाचकाची सहज गफलत होण्याजोगी आहे. अमेरिकी प्रूफ घनफळाने असलेल्या टक्केवारीच्या दुप्पट असते. म्हणजे १९० प्रूफ म्हणजे ९५% व १०० प्रूफ म्हणजे ५०% अल्कोहॉल. ब्रिटिश पद्धतीत मात्र १०० प्रूफ म्हणजे सु. ५७·१% अल्कोहॉल होय आणि शुद्ध अल्कोहॉल सु. १७५ प्रूफ भरते. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवून पाहण्याच्या जुन्या कसोटीपासून ‘प्रूफ’ हे नाव पडले. भारतातील अबकारी व्यवहारात ब्रिटिश पद्धत रुळली व म्हणूनच येथील बाटल्यांवर ४२·८% हा चमत्कारिक वाटणारा आकडा आढळतो. तो ब्रिटिश मापाच्या ७५ प्रूफशी जुळतो. अमेरिकी १९० प्रूफ म्हणजे ब्रिटिश मापाने सु. १६६ प्रूफ, अर्थात प्रूफच्या वर सु. ६६ अंश. कृती वाचताना ती कोणत्या देशातील आहे हे पाहून आकडा टक्केवारीत उतरवून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

उपलब्धता, स्वीडन : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमधील शेतकरी कुटुंबे घरच्या घरी मद्यार्क गाळीत. पिण्याचे प्रमाण अतोनात वाढल्याने मद्यनिषेधाची चळवळ उभी राहिली. १८५५ मधील कायद्याने घरगुती ऊर्ध्वपातनावर कडक निर्बंध आले आणि १८६० पर्यंत ते संपुष्टात आले. फालून या खाणीच्या गावी १८५० मध्ये मद्यविक्रीचा मक्ता खासगी नफ्यासाठी न चालणाऱ्या कंपनीकडे देण्याचा प्रयोग झाला. गॉथनबर्गने १८६५ मध्ये तो स्वीकारला व त्याच शहराच्या नावाने ही पद्धत प्रसिद्धीस आली.

इव्हान ब्राट (१८७८–१९५६) या डॉक्टरांनी सुचविलेली वैयक्तिक शिधापद्धती स्टॉकहोममध्ये १९१४ पासून व देशभर १९१९ पासून लागू झाली. प्रत्येक पात्र व्यक्तीस एक पुस्तिका मिळे व तीवर मद्यार्काची खरेदी नोंदली जाई. उत्पन्न, सामाजिक स्थिती व वर्तन पाहून प्रत्येकाचा वाटा ठरे. विवाहित स्त्रियांना सहसा स्वतंत्र पुस्तिका मिळत नसे. २७ ऑगस्ट १९२२ रोजी संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत घेण्यात आले व बंदीचा प्रस्ताव थोडक्यात फेटाळला गेला. शिधापद्धती १ ऑक्टोबर १९५५ रोजी रद्द झाली आणि स्थानिक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘सिस्टेमबोलागेट’ ही सरकारी मालकीची किरकोळ विक्रीसंस्था स्थापन झाली. १९९५ मध्ये स्वीडन यूरोपीय संघात सामील झाल्यावर आयात व घाऊक व्यापारातील सरकारी मक्तेदारी संपली. किरकोळ विक्रीची मक्तेदारी मात्र यूरोपीय न्यायालयाने १९९७ मध्ये ग्राह्य ठरविली. ३·५ टक्क्यांहून अधिक अल्कोहॉल असलेली पेये साधारणपणे याच संस्थेच्या दुकानांत मिळतात व ती विकत घेण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात.

या इतिहासाचा परिणाम स्वीडनमधील ग्लगच्या कृतींवर स्पष्ट दिसतो. तेथील आजच्या घरगुती कृती बहुतेक ४०% तीव्रतेचा ब्रेनव्हीन किंवा व्होडका गृहीत धरतात. तयार ग्लगच्या बाटल्याही मिळतात व त्यांत वाइनच्या तीव्रतेपासून २० टक्क्यांच्या आसपासपर्यंतचे प्रकार असतात. सु. २·२% अल्कोहॉल असलेले व अल्कोहॉलविरहित प्रकार किराणा दुकानांत विकले जातात. म्हणजे मायदेशी मद्यार्काची तीव्रता कायद्याच्या चौकटीत उतरत गेली, तर परदेशी गेलेल्या काही कुटुंबांत जुनी, अधिक कडक कृती तशीच राहिली.

उपलब्धता, अमेरिका व इतर देश : १८५० नंतरच्या सु. ८० वर्षांत बारा लाखांहून अधिक स्वीडिश लोक अमेरिकेत गेले. त्यांपैकी पुष्कळजण इलिनॉय, मिनेसोटा व शेजारच्या राज्यांत स्थायिक झाले. तेथे मक्यासारख्या धान्यापासून काढलेला १९० प्रूफचा निर्गंध मद्यार्क मिळू लागल्यावर अनेक घरांच्या ग्लगमध्ये त्याला स्थान मिळाले. १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. ती उठविणाऱ्या घटनादुरुस्तीने मद्यनियंत्रणाचा मोठा अधिकार राज्यांकडे सोपविला. परिणामी एका राज्यात दुकानात सहज मिळणारी बाटली सीमेपलीकडे बेकायदा ठरते. स्वीडिश वंशजांची मोठी वस्ती असलेल्या मिनेसोटात पिण्यासाठी निर्गंध शुद्ध मद्यार्काची किरकोळ विक्री करण्यास कायद्याने मनाई आहे. लगतच्या विस्कॉन्सिनमध्ये तो विकला जातो. फ्लॉरिडात १५३ प्रूफहून तीव्र मद्य विकता येत नाही. मेरिलंडने १९० प्रूफ व त्यावरील मद्याची विक्री २०१४ मध्ये बंद केली. तेथे विद्यापीठांच्या प्रमुखांनी विद्यार्थ्यांतील अतिमद्यपानाचे कारण पुढे केले होते. रंग व वास नसलेला हा मद्यार्क सरबतात मिसळल्यास पिणाऱ्यास त्याची तीव्रता कळत नाही, हे या निर्बंधांमागील मुख्य कारण आहे. ७५·५% तीव्रतेच्या एका सुप्रसिद्ध रमचे उत्पादनही २०१६ मध्ये थांबले.

पोलंड व जर्मनी या देशांत घरगुती फळमद्ये करण्याची जुनी चाल असल्याने ९५–९६% पेय मद्यार्क दुकानांत उघडपणे मिळतो. नॉर्वेत मात्र ६० टक्क्यांहून तीव्र मद्याची विक्री होत नाही. ज्या ठिकाणी असा मद्यार्क मिळतो तेथून तो आणणेही सोपे नाही. ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहॉल असलेली पेये प्रवासी विमानातून हातातील किंवा सामानातील पेटीत नेण्यास बंदी आहे, कारण ती अतिज्वलनशील मालात मोडतात. अमेरिकेच्या सरकारी टपालाने कोणतेही मद्य पाठविता येत नाही. महाराष्ट्रातही रेक्टिफाइड स्पिरिट (शुद्धीकृत मद्यार्क) हे परवान्याखालील द्रव्य असून १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये त्याचा साठा व विक्री यांवर नियंत्रण आहे.

पर्याय : शुद्ध मद्यार्क न मिळाल्यास कृती अडून राहण्याचे कारण नाही, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. एखाद्या घराण्याच्या कृतीत २ लि. पोर्ट वाइन (२०% अल्कोहॉल) व २५० मिलि. ९५% मद्यार्क सांगितला आहे, असे समजू. पोर्टमधून ४०० मिलि. व मद्यार्कातून सु. २३७ मिलि. शुद्ध अल्कोहॉल येते. मिसळताना होणारे किंचित आकुंचन सोडून दिल्यास २·२५ लि. पेयात सु. २८% अल्कोहॉल भरते. तेवढेच अल्कोहॉल ५० टक्क्यांच्या मद्यार्कातून मिळविण्यासाठी त्याचे ४७५ मिलि. घ्यावे लागतात व पेय सु. २६ टक्क्यांचे होते. ४०% व्होडका वापरल्यास सु. ५९५ मिलि. लागते व तीव्रता सु. २४·५% होते. म्हणजे ज्या मद्यार्कासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागते, त्याने अखेरच्या पेयात पडणारा फरक अडीच ते पावणेचार टक्क्यांचाच असतो.

वाढलेल्या पाण्यामुळे एकूण घनफळ सु. सातव्या हिश्शाने वाढते. म्हणून मसाले व साखर त्याच प्रमाणात वाढवावी म्हणजे चव विरळ होत नाही. मसाले अधिक दिवस, म्हणजे आठवडाभर, भिजू द्यावेत आणि वेलदोडे सोलून दाणे ठेचून घ्यावेत. पृष्ठभाग वाढल्याने अर्क लवकर उतरतो. संत्र्याच्या सालीचा आतील पांढरा भाग काढून टाकल्यास कडवटपणा बेताचा राहतो. जेथे साखर पेटविण्याची प्रथा पाळावयाची असेल, तेथे ५५ ते ६० टक्क्यांची रम पुरेशी होते. ती न मिळाल्यास साखर वेगळ्या भांड्यात कोरडीच तापवून तांबूस करावी व गरम वाइनमध्ये विरघळवावी. जळक्या साखरेची अपेक्षित चव ज्योतीशिवायही येते.

धोके : तीव्र मद्यार्क मिळत नाही म्हणून औषधांच्या, रंगांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातील स्पिरिट खाद्यपदार्थात वापरणे घातक आहे. स्टोव्ह, पॉलिश व उद्योगधंदे यांसाठी विकल्या जाणाऱ्या डिनेचर्ड स्पिरिटमध्ये ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून मेथिल अल्कोहॉल व इतर द्रव्ये हेतुतः मिसळलेली असू शकतात. शरीरात मेथिल अल्कोहॉलापासून फॉर्माल्डिहाइड व त्यापासून फॉर्मिक अम्ल तयार होते. त्यामुळे दृक्‌तंत्रिकेस (डोळ्याच्या मज्जातंतूस) इजा होऊन अंधत्व व मृत्यू येतो. विषबाधेची लक्षणे कित्येक तासांनंतर दिसत असल्याने उपचारास उशीर होतो. मेथिल अल्कोहॉल ६४·७° से. तापमानास उकळत असले, तरी मिश्रण तापवून, पेटवून, कोळशातून किंवा पावातून गाळून ते काढून टाकता येत नाही. चोळण्यासाठी विकले जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहॉल हेही विषारी असून पिण्यासाठी निरुपयोगी आहे.

दारूबंदीच्या काळात १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये अशा स्पिरिटने अनेकांचे प्राण घेतले. चेक प्रजासत्ताकात २०१२ मध्ये मेथिल अल्कोहॉलमिश्रित मद्याने इतके बळी गेले, की शासनाने २० टक्क्यांहून तीव्र मद्याची विक्री काही दिवस बंद ठेवली. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशाच दारूने शंभराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. पेय म्हणून विक्रीस मान्यता असलेला, सीलबंद व लेबल असलेला मद्यार्क एवढाच स्वयंपाकघरात आणावा, हा नियम निरपवाद आहे.

अस्सल पेय मद्यार्कही निष्काळजीपणे हाताळण्याजोगा नसतो. ९५% मद्यार्क तसाच प्याल्यास तोंड व अन्ननलिका यांच्या अंतस्त्वचेस इजा होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ओट्यावरून पसरत शेगडीपर्यंत पोहोचते व भडका उडतो. म्हणून मद्यार्क मिसळताना जवळ उघडी ज्योत नसावी. साखर पेटविताना बाटलीतून थेट मद्यार्क ओतू नये, कारण ज्योत धारेवरून बाटलीत शिरून स्फोट होऊ शकतो. पळीने मोजका मद्यार्क घ्यावा. पातेल्याचे घट्ट बसणारे झाकण हाताशी ठेवावे. अशी ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

यूरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांत वाइनपासून केलेल्या ग्लगची व्याख्या दिली आहे. तीनुसार त्याला लवंग किंवा दालचिनी अथवा दोहोंचा स्वाद असणे आवश्यक आहे. शुद्ध मद्यार्क ही त्या व्याख्येची अट नाही. स्वीडनमधील अनेक घरांत आता मुले व मद्य न घेणारे पाहुणे यांच्यासाठी फळांच्या रसाचा ग्लगही त्याच मसाल्यांनी, त्याच पेल्यांतून व तसेच बेदाणे-बदाम घालून दिला जातो आणि त्यालाही ग्लगच म्हणतात. मद्यार्काची तीव्रता काळानुसार, देशानुसार व कायद्यानुसार बदलत आली. या पेयाची ओळख मात्र मसाल्यांचे प्रमाण, ऊब आणि थंडीच्या दिवसांत ते एकत्र बसून घेण्याची चाल यांवर टिकून आहे.